शंकेची जुनी वाट

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वर्गात ज्या रोगाचा पाठ चालू असेल त्याचीच लक्षणे स्वतःच्या अंगात दिसू लागावीत, हा अनुभव इंटरनेटपेक्षा कितीतरी जुना असून अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञ जॉर्ज लिंकन वॉल्टन यांनी १९०८ मध्येच त्याची नोंद केली होती. पुढे १९८६ मध्ये रॉबर्ट केल्नर व सहकाऱ्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांची कायद्याच्या विद्यार्थ्यांशी तुलना केली, तेव्हा आजाराचे हे भय वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत अधिक असल्याचे आढळले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

अशा चिंतेच्या अभ्यासाचा एक धागा भारतातही सापडतो. चंडीगडला १९६२ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली पीजीआय, स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी नरेंद्रनाथ विग यांनी तेथील मनोविकार विभागाची पायाभरणी केली. चिंता पुष्कळदा शरीराच्या भाषेत बोलते, हे ओळखून विग आणि त्यांचे सहकारी वर्मा यांनी १९७३ च्या सुमारास साध्या हिंदीत जी प्रश्नावली सिद्ध केली, तिच्या ३८ प्रश्नांपैकी पहिले १६ शारीरिक त्रासाविषयी आणि उरलेले २२ मनाविषयी आहेत. मनाची चौकशी देहापासून सुरू करणारी ही रचना आजच्या आजारभयाच्या अभ्यासालाही मोलाची वाटते.

त्या काळी विद्यार्थ्याला आपल्या लक्षणांविषयी शंका आलीच, तर ‘इंडेक्स मेडिकस’ या वैद्यकीय लेखांच्या छापील सूचीचे जाडजूड खंड उलगडायचे, संदर्भ कागदावर उतरवायचा, मग नियतकालिकाचा अंक शोधायचा, आणि एवढ्यात दुसऱ्या दिवशीच्या राउंडची वेळ होऊन शिक्षकांना विचारण्याची संधी मिळे. भारतात १९९५ मध्ये इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, १९९७ मध्ये पबमेड ही लेखसूची विनामूल्य झाली आणि शंका व उत्तर यांमधला हा अवकाश संपला. शोधातून वाढत जाणाऱ्या अशा भीतीला ‘सायबरकॉन्ड्रिया’ म्हणतात. रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी २००८ मध्ये दाखवले, की साध्या डोकेदुखीचा शोध घेताना मेंदूच्या गाठीचा उल्लेख प्रत्यक्षातील प्रमाणापेक्षा फारच अधिक समोर येतो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच आहे: त्याला रोगाचे नाव कळते, तो किती विरळा हे मात्र कळलेले नसते, कारण ओपीडीच्या रांगेतल्या शेकडो साध्या डोकेदुख्या त्याने अजून पाहिलेल्या नसतात.