मुद्दल कुणाच्या हातात?

 

आज आम्ही गोष्ट सांगणार आहोत ती आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. दीडशे वर्षांपूर्वीची, आणि तीही पाद्री घडवणाऱ्या एका शाळेची. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? थोडं ऐका. गोष्ट पैशाची आहे, शब्दाची आहे, आणि मोडलेली संस्था पुन्हा उभी करणाऱ्या एका माणसाची आहे.

आधी मागचा धागा. ख्रिस्ती धर्मात मेथॉडिस्ट नावाचा एक पंथ आहे. तो अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या शिकवणीतून सुरू झाला. ब्रिस्टल शहरात त्यांनी प्रार्थनेसाठी एक इमारत बांधली आणि तिचं कर्ज डोक्यावर बसलं. 1742 साली कर्ज कसं फेडायचं याची बैठक भरली. एकानं सुचवलं, प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, आपल्यात कित्येकांना तेवढीही परवडत नाही. तेव्हा पहिला म्हणाला, मग सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. म्हणजे बारा जणांचा गट, आठवड्याची वर्गणी आणि घरोघर जाणारा एक प्रमुख. ओळखीचं वाटतंय ना? पैसे गोळा करायला निघालेली ही माणसं एकमेकांच्या घरातली सुखदुःखंही विचारू लागली. पुढे हेच गट त्या पंथाचा कणा झाले.

आता शंभर-सव्वाशे वर्षं पुढे येऊ. 1866 साली अमेरिकेतल्या मेथॉडिस्टांनी आपल्या कामाची शताब्दी साजरी केली. त्या निमित्तानं डॅनियल ड्रू नावाच्या श्रीमंत माणसानं पाद्र्यांच्या शाळेसाठी अडीच लाख डॉलर द्यायचं जाहीर केलं. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

हा ड्रू कोण? न्यूयॉर्कजवळच्या खेड्यातला, जेमतेम शिकलेला. तरुणपणी तो गुरांचे कळप हाकत शहरच्या बाजारात न्यायचा. लोक सांगतात, बाजाराच्या आधी तो गुरांना मीठ चारायचा. मग तहानलेली गुरं पोटभर पाणी प्यायची आणि वजनाला भारी भरायची. खरं-खोटं देव जाणे, पण ही गोष्ट त्याला आयुष्यभर चिकटली. पुढे त्यानं बोटी चालवल्या, रेल्वेच्या शेअर्सचा सट्टा केला आणि गडगंज झाला. आठवडाभर सट्टा आणि रविवारी चर्च, असा तो माणूस होता.

त्यानं न्यू जर्सी राज्यात मॅडिसन गावी मोठ्या बंगल्यासकट एक रान विकत घेऊन शाळेला दिलं. 1867 साली शाळा सुरू झाली. बंगल्याला त्याच्या बायकोचं, रोक्साना मीड हिचं, नाव मिळालं. जागा मिळाली, इमारत मिळाली. पण अडीच लाखांची ठेव? ती त्यानं रोख दिली नाही. लिहून दिलं, की मुद्दल माझ्याकडे राहील, दर वर्षी व्याज देत जाईन. विश्वस्तांनी ते मान्य केलं. एवढ्या मोठ्या दात्याला ‘मुद्दल आमच्या नावावर करा’ असं म्हणायचं तरी कसं? व्याज वेळेवर येत होतं, मास्तरांचे पगार होत होते, कुणाची तक्रार नव्हती.

1873 साली जॉन फ्लेचर हर्स्ट या शाळेचे प्रमुख झाले. वय चाळिशीच्या आतलं. मेरीलँड राज्यात जन्मलेले, जर्मनीत शिकलेले आणि काही वर्षं तिथे शिकवूनही आलेले. त्यांचा विषय धर्माचा इतिहास. मन पुस्तकांत रमणारं. त्यांच्या पत्नी कॅथरीन याही लिहीत. इतिहासातल्या बायकांची छोटी छोटी चरित्रं त्यांनी लिहिली आहेत. असं हे लिहिणारं-वाचणारं घर.

आणि नेमकं त्याच 1873 साली अमेरिकेत मोठी मंदी आली. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या बसल्या. सट्ट्यात ड्रूच्याच साथीदारांनी त्याला आधीच बुडवत आणलं होतं. 1876 साली त्यानं दिवाळं काढलं. देणं दहा लाख डॉलरच्या आसपास होतं. आणि जवळ काय राहिलं होतं? घड्याळ आणि साखळी, एक फरचा कोट, अंगावरचे कपडे, बायबल आणि भजनांची पुस्तकं.

शाळेची अडीच लाखांची ठेव म्हणजे आता नुसता कागद. व्याज बंद, म्हणजे पगार बंद. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. जमीन आणि बंगला शाळेकडेच राहिला. जे हातात दिलं होतं ते टिकलं, आणि जे शब्दावर ठेवलं होतं ते गेलं.

अशा वेळी पुस्तकात रमणाऱ्या माणसानं काय करावं? हर्स्ट झोळी घेऊन बाहेर पडले. त्यांनी मेथॉडिस्ट समाजापुढे जाऊन सरळ सांगितलं, की ठेव बुडाली आहे, शाळा आता तुमची आहे, ती तुम्हीच जगवायची. वर्गात शिकवणं, शाळेचा कारभार आणि जोडीला पैशासाठी हिंडणं, असं त्यांचं चाललं. देणाऱ्यांत मोठे व्यापारीही होते, पण आता शाळा कुणा एकाच्या खिशावर उभी नव्हती. चार वर्षांत गेलेली ठेव भरून निघाली. 1880 साली हर्स्ट बिशप झाले आणि शाळा सोडून गेले, तेव्हा ती आपल्या पायावर उभी होती. आज ती ड्रू विद्यापीठ म्हणून चालू आहे. नाव अजून ड्रूचंच आहे. वाचवलं कुणी, हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

याच पंथातली दुसरी एक शाळा आठवते. शिकागोतल्या एलायझा गॅरेट या विधवा बाईनं आपली शहरातली मालमत्ता मृत्युपत्र करून पाद्र्यांच्या शाळेसाठी ठेवली. 1855 साली ती वारली. 1871 साली शिकागोला प्रचंड आग लागली आणि त्या मालमत्तेवरच्या इमारती जळाल्या. पण जमीन जळत नाही. ती शाळेच्या नावावर होती, म्हणून शाळा सावरली. सट्टेवाल्याच्या शब्दापेक्षा बाईनं केलेला कागद पक्का निघाला.

हर्स्ट यांना पुढे सगळीकडेच यश आलं असं नाही. वॉशिंग्टनमध्ये मोठं विद्यापीठ काढायचं त्यांच्या मनात होतं. 1890 साली जागा ठरली, 1893 साली सरकारी मान्यता मिळाली. पण पैसा हळूहळू जमत गेला आणि वर्ग सुरू व्हायला 1914 उजाडलं. हर्स्ट 1903 सालीच वारले होते. हेच हर्स्ट बिशप झाल्यावर 1884-85 च्या सुमारास आपल्या देशातही हिंडून गेले, आणि त्यावर त्यांनी ‘इंडिका’ नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आम्ही का निवडली? काही वर्षांपूर्वी आमच्या गटालाही एका मोठ्या माणसानं भर सभेत शब्द दिला होता. शिलाई मशिनं घेऊन देतो म्हणाले. टाळ्या झाल्या, हार घातले. त्या भरवशावर आम्ही खोली भाड्यानं घेतली, आगाऊ रक्कम भरली. मशिनं आलीच नाहीत. भाडं मात्र आठ महिने आम्ही आमच्या बचतीतून भरलं. तेव्हा वाटलं होतं, आपण अडाणी म्हणून फसलो. आता कळतं, तिकडचे शिकलेले विश्वस्तही तसेच फसले होते. मोठ्या माणसापुढे प्रश्न विचारायची भीड दोन्हीकडे सारखीच.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाला कुणी काही देऊ केलं असेल, तर ते वहीत दोन रकान्यांत लिहा. एका रकान्यात हातात आलेलं, दुसऱ्यात नुसतं सांगितलेलं. खर्च ठरवायचा तो पहिला रकाना बघून. आणि कुणी ‘मुद्दल माझ्याकडे राहू दे, व्याज देतो’ म्हणालं, तर त्याला चहा जरूर पाजा, पण मुद्दल गटाच्या खात्यावर मागा. मागायला लाजायचं नाही. हर्स्ट यांनी ठेव बुडाल्यावर दारोदार मागितलं. ती बुडायच्या आधीच कुणी मागितली असती, तर त्यांची चार वर्षं वाचली असती.

तुमच्या गटाचा असा काही अनुभव असेल तर केंद्रावर येऊन सांगा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. रामराम.