फॉरमॅट मारण्याआधी

1973 साली यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर. त्या काळी छापखान्यांत शिशाचे खिळे जुळवले जात होते आणि कचेऱ्यांत टाइपरायटर खडखडत होते. जानेवारी 2019मध्ये संमेलन पुन्हा यवतमाळात आलं. अध्यक्ष होत्या अरुणा ढेरे, आणि मराठी तोवर प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर लिहिली जात होती.

या दोन संमेलनांच्या मध्ये पंधरा-वीस वर्षांचा एक काळ येऊन गेला. घरातला पहिला कॉम्प्युटर, त्यावर दुकानदाराने टाकून दिलेलं ऑफिस आणि त्यात हमखास बिघडणारी मराठी. तुमचा जन्म साधारण 2000च्या पुढचा असेल, तर हा काळ तुम्ही पाहिला असेल, पण समजून घ्यायची वेळ आली नसेल. त्या काळातलं बरंच लिखाण अजून घरोघरी जुन्या हार्डडिस्कमध्ये पडून आहे, म्हणून तो समजून घ्यायला हवा.

2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याचा 'एमएस-सीआयटी' हा कोर्स तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेडची पोरं वर्ड आणि एक्सेल शिकू लागली. मग घरी असेंबल केलेला कॉम्प्युटर आला. विंडोज आणि ऑफिस दुकानदार आपल्याजवळच्या सीडीवरून टाकायचा आणि सीडी परत घेऊन जायचा. पुढच्या निम्म्या कटकटी इथूनच सुरू झाल्या.

त्या वेळच्या ऑफिसमध्ये काही सुविधा पहिल्यांदा वापरायच्या वेळीच बसवल्या जात. म्हणजे एखादं बटण दाबलं की खिडकी उघडणार आणि म्हणणार, सीडी घाला. सीडी तर दुकानात. त्यातून ते दिवस लोडशेडिंगचे. इन्स्टॉलेशन अर्ध्यावर असताना वीज गेली, की ऑफिस धड बसलेलंही नसे आणि धड निघतही नसे. यावर उपाय होता. कंट्रोल पॅनेलच्या यादीतून ऑफिस निवडून 'रिपेअर' करता येई, आणि ऑफिस 2003पर्यंत 'हेल्प' मेनूतच 'डिटेक्ट अँड रिपेअर' अशी ओळ असे. पण त्यालाही बहुधा तीच सीडी लागायची.

हे बिघाड खरोखर ऑफिसचे होते. मराठीचे बिघाड वेगळे, पण ते दिसायचे ऑफिसमध्येच, त्यामुळे दोष ऑफिसच्या माथी बसायचा.

'कृतिदेव' फॉन्टचं उदाहरण घ्या. त्यात क हवा असेल तर कीबोर्डवर 'डी' दाबायचा, काना हवा असेल तर 'के', आणि म साठी 'ई'. म्हणजे 'काम' हा शब्द टाइप केला, की फाइलमध्ये डी-के-ई ही तीन इंग्रजी अक्षरंच साठवली जात. फॉन्ट त्या अक्षरांवर मराठी मुखवटे चढवायचा, एवढंच. वर्डला हे काय माहीत? त्याच्या लेखी सगळा मजकूर इंग्रजी. म्हणून शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघ यायची. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची वर्डला सवय, आणि कृतिदेवमध्ये मोठ्या 'ई'वर अर्धा म बसवलेला. त्यामुळे 'मराठी'ने सुरू होणारं वाक्य आपोआप 'म्राठी'ने सुरू व्हायचं. खोडून पुन्हा लिहा, पुन्हा म्राठी. ऑटोकरेक्टमधली एक खूण काढली की हा आजार बरा व्हायचा, पण ती खूण सापडेपर्यंत ऑफिस दोनदा काढून पुन्हा टाकून झालेलं असे.

फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर मुखवटे गळून पडायचे. उरायची निरर्थक इंग्रजी अक्षरं. फ्लॉपीतून किंवा पेनड्राइव्हमधून यवतमाळला नेलेला अर्ज तिथे वाचताच येत नाही, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला आला.

असं का झालं? जुन्या पद्धतीत एका फॉन्टमध्ये जेमतेम 256 जागा असत. देवनागरीची मुळाक्षरं त्यात सहज मावतात, पण अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेगवेगळ्या उंचीच्या वेलांट्या धरल्या तर गर्दी होते. प्रत्येक फॉन्ट बनवणाऱ्याने ही गर्दी आपापल्या सोयीने बसवली. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाचं कोष्टक वेगळं. एकाची फाइल दुसऱ्याला कळत नसे.

यावर विचार झाला नव्हता असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये 1980च्या दशकात देवनागरी संगणकावर काम झालं. पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवलं. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय मानक ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. आता क म्हणजे क, तो कुणाचा मुखवटा नाही. कागदावर प्रश्न 1991मध्येच सुटला होता.

घरापर्यंत यायला मात्र त्याला वेळ लागला. विंडोज 2000पासून देवनागरीची सोय आली, पण एक्सपीमध्ये ती आधीपासून चालू नसे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या फाइली बसवाव्या लागत, आणि त्यासाठी पुन्हा विंडोजची सीडी. ती नसली की मराठी वेबसाइटवर अक्षरांऐवजी चौकोनी डबे दिसत, नाहीतर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. 2007च्या व्हिस्टापासून ही सोय मुळातच आली. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही देवनागरी धड दिसत नसे. आज तुम्ही हा लेख फोनवर विनासायास वाचताय, त्यामागे एवढी वाट चाललेली आहे.

तोपर्यंत गावोगावी एकच औषध चालायचं: "फॉरमॅट मारून देतो." कॉम्प्युटर हळू चालतो? फॉरमॅट. वर्ड उघडत नाही? फॉरमॅट. मराठी दिसत नाही? तरीही फॉरमॅट. त्यात विंडोज नवं यायचं, पण आधी बसवलेले मराठी फॉन्ट जायचे. आणि डेस्कटॉपवर किंवा 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवलेल्या फाइली 'सी' ड्राइव्हवरच असल्यामुळे त्याही जायच्या.

काय गेलं असेल, याचा अंदाज करता येतो. जुलै 2006मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात यवतमाळ होतं. कापूस, कर्ज आणि आत्महत्या यांनी जिल्हा पोळत होता, त्याच वर्षांत बचत गटांची इतिवृत्तं, ग्रामसभेचे ठराव, तहसीलला दिलेली निवेदनं, स्थानिक साप्ताहिकांच्या बातम्या, शाळांच्या स्मरणिका आणि कुणाकुणाच्या कविता अशा मुखवट्याच्या अक्षरांत टाइप होत होत्या. आणि या फाइली आज सर्चमध्ये सापडत नाहीत, कारण 'कर्ज' शोधलं तरी आत 'कर्ज' नाहीच.

म्हणून घरातला जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एक संध्याकाळ त्याला द्या. फाइलींबरोबर विंडोजमधलं 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डरही कॉपी करून घ्या, म्हणजे कुलपाबरोबर किल्लीही येईल. मग कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते बघून कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा. एवढ्यावर थांबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलट. यंत्र तिथे चुकू शकतं. ते तपासायला मराठी वाचणारं माणूसच लागतं, आणि शक्य असेल तर ज्यांनी ते टाइप केलं होतं त्यांनाच शेजारी बसवा. कोणत्या ठरावात कुणाचं नाव होतं, हे त्यांनाच आठवेल.