घोड्यांच्या वाटेवर भाड्याची गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाड्यानं गाडी घेताना आपण कागदावर सही करतो. तो कागद वाचतो कोण? काही वर्षांपूर्वी मी आणि माझा भाचा आइसलँडला गेलो होतो. तिथे गाड्या भाड्यानं देणाऱ्या कचेरीतल्या मुलीनं मात्र त्या कागदावरची दोन कलमं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. नदी ओलांडताना गाडीत पाणी शिरलं तर विमा मिळणार नाही, सगळा खर्च तुमचा, हे पहिलं. दुसरं त्याहून गमतीचं. वाऱ्यानं गाडीचं दार उलटं फाकलं, तर तोही खर्च तुमचाच.

भाचा म्हणाला, “मामा, फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायची ती नदीसाठी, आणि नेमका नदीचाच विमा नाही?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मला त्या कचेरीत मिळालं नाही. ते पुढे त्या देशाचा इतिहास वाचताना मिळालं.

आइसलँड आकारानं महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. वस्ती चार लाखांच्या आत. खडक आपल्या ओळखीचा, सह्याद्रीचाच काळा बेसाल्ट. फरक एवढाच, की आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला आणि त्यांचा अजून अधूनमधून वाहतो. माणसं राहतात ती किनाऱ्यालगत. मधला सगळा प्रदेश म्हणजे हिमनद्या, राखेची मैदानं आणि दगड. तिथे कायमचं घर नाही.

पण माणसाला या मधल्या भागातून जावं तर लागे. इसवी सन ९३० च्या सुमारास थिंगवेट्लिर इथं त्यांची आल्थिंग ही लोकसभा भरू लागली. उत्तरेकडचे सरदार दर उन्हाळ्यात तिला घोड्यांवरून येत. शेतकरी लोणी घेऊन दक्षिणेला जात आणि सुकी मासळी घेऊन परतत. या प्रवासाच्या दोन मुख्य वाटा होत्या. एक क्योलुर, दुसरी स्प्रेंगिसांडुर. या दुसऱ्या नावातच वाटेचं वर्णन आहे. घोडा दमून कोसळेल इतका पिटाळणं, हा त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ, आणि सांडुर म्हणजे वाळू. वाटेत गवत नाही, तेव्हा पुढचं कुरण येईपर्यंत घोडा हाकत राहायचं.

चाकाचा या प्रवासाशी संबंध नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्या देशात गाडीरस्ता असा जवळजवळ नव्हताच. ओल्फुसाउ नदीवर पहिला मोठा पूल झाला तो १८९१ मध्ये. तोपर्यंत माणूस, मासळी, टपाल, सगळं घोड्याच्या पाठीवर. नदी आली की उतार शोधायचा. हिमनद्यांतून निघालेल्या या नद्या आपल्या नद्यांसारख्या एका पात्रात राहत नाहीत. दहा फाटे फुटतात, आणि कालचा उतार आज डोह झालेला असतो. पाणी राखेनं गढूळ, तळ दिसत नाही. म्हणून नदीकाठचे शेतकरी पाण्यात तरबेज असलेला खास घोडा बाळगत. त्याला त्यांच्या भाषेत ‘पाण्याचा घोडा’ असाच शब्द आहे (आपण पाणघोडा म्हणालो तर भलताच प्राणी समोर येईल!). तो पायानं तळ चाचपत पुढे जाई आणि बाकीचे त्याच्या मागून. वाटाड्या म्हणून या शेतकऱ्यांना मोठा मान होता.

या वाटांनी घेतलेले बळीही पुष्कळ. त्यातला एक प्रसंग आइसलँडमधलं लहान मूलही जाणतं.

१७८० साल. मेंढ्यांच्या रोगामुळे उत्तरेकडचे कळप मारून टाकावे लागले होते. रेनिस्ताधुर इथल्या एका खात्यापित्या घरानं नवा कळप आणायला दोन मुलांना गड्यांसह दक्षिणेला पाठवलं. थोरला ब्यार्नी विशीतला, धाकटा एइनार अवघा अकरा वर्षांचा. खरेदी करता करता ऑक्टोबर संपत आला. दक्षिणेकडच्या लोकांनी सांगितलं, आता हिवाळा इथंच काढा. त्यांनी ऐकलं नाही. पाच माणसं, सुमारे १८० मेंढ्या आणि १६ घोडी क्योलुरच्या वाटेला लागली. त्यातलं कोणीही घरी पोहोचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वाटसरूंना तंबू दिसला. भावांचे अवशेष मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी सापडले. त्या जागेला आजही ‘हाडांची टेकडी’ म्हणतात. मेंढ्या-घोड्यांची पांढरी हाडं तिथं लाव्हाच्या खडकांत पुढे दीर्घकाळ दिसत राहिली. त्या घराण्यात मुलाचं नाव ब्यार्नी ठेवायचं नाही आणि हिरवा कपडा घालायचा नाही, असा दंडक पडला म्हणतात. आणि क्योलुरची वाट जवळजवळ शतकभर ओस पडली. भुतांची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती हवामानाची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दगडांच्या राशी रचून ती वाट पुन्हा आखण्यात आली, तेव्हा कुठे लोक जाऊ लागले.

याच अठराव्या शतकात कायद्यापासून पळालेला एविंदुर आणि त्याची बायको हात्ला यांनी या निर्जन प्रदेशात वीसएक वर्षं काढली. क्वेरावेट्लिरच्या उकळत्या झऱ्यात ती दोघं चोरलेल्या मेंढीचं मांस शिजवीत, असं सांगतात. त्यांच्यावर १९११ मध्ये नाटक झालं, १९१८ मध्ये स्वीडनमध्ये चित्रपट निघाला. आता तो झरा पर्यटकांना दाखवतात.

मोटार आली १९०४ मध्ये, जुनी, वापरलेली. स्प्रेंगिसांडुर मोटारीनं प्रथम पार झालं ते १९३३ मध्ये. चार माणसं एक जुनी फोर्ड घेऊन निघाली, रस्ता नव्हताच, आणि तरीही ती उत्तरेला पोहोचली. हे मात्र धाडस होतं, वाहतूक नव्हे. ती सुरू केली युद्धानं. मे १९४० मध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं, १९४१ मध्ये अमेरिकन आले आणि त्यांच्याबरोबर जीप आली. चारही चाकांना ओढ असलेली ही गाडी पाहून शेतकऱ्यांचे डोळे चमकले असतील तर नवल नाही. युद्धानंतर जीपला एवढी मागणी आली की सरकारला वाटप करावं लागलं. आजही फोर-व्हील ड्राइव्हच्या कोणत्याही गाडीला तिथं ‘येप्पी’ म्हणतात. पुढे १९६० च्या दशकापासून जलविद्युत प्रकल्पांची अवजड यंत्रं डोंगरात न्यायची म्हणून काही वाटा रुंद झाल्या. १९७४ मध्ये देशाभोवतीचा कडे-रस्ता पूर्ण झाला, त्यामुळे व्यापारासाठी मधून जाण्याची गरज संपली.

म्हणजे ज्या काळात मधल्या वाटांवर पूल झाले असते, त्याच काळात त्यांची निकड गेली. त्या खडीच्या राहिल्या आणि अनेक नद्या बिनपुलाच्याच. आज या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असतं. फ्यात्ल म्हणजे डोंगर, त्याचा हा एफ. फोर-व्हील ड्राइव्ह नसेल तर तिथं जायला कायद्यानं बंदी. बर्फ वितळून जमीन सुकली की साधारण जून-जुलैत ते उघडतात आणि सप्टेंबरनंतर मिटतात. रस्ता सोडून गाडी घातली तर जबर दंड, कारण तिथल्या शेवाळावर उमटलेली चाकोरी बुजायला काही दशकं लागतात. क्योलुरवर नद्यांना पूल झाले, तेव्हा त्याच्या क्रमांकातला एफ काढून टाकला. एफ म्हणजे काय, हे यावरून नीट कळतं.

२०१० च्या एप्रिलमध्ये तिथल्या ज्वालामुखीनं युरोपची विमानं जमिनीवर बसवली आणि देशाचं नाव जगभर झालं. त्या वर्षी पाहुणे पाच लाखांच्या आत होते, २०१७ मध्ये वीस लाखांच्या वर गेले. त्यातले पुष्कळ जण भाड्याची गाडी घेतात. चारही चाकं फिरतात म्हणजे नदी पार होते, असा त्यांचा समज. खरं तर चाकांची ओढ तळावर टेकण्यापुरती. पाणी चढलं की गाडी तरंगू लागते, आणि हवा घेण्याच्या नळीतून पाणी आत गेलं की इंजिन संपलं. उतार कुठे आहे, हे सांगणारा घोडा गेला आणि वाटाड्याही गेला. ते ज्ञान गाडीबरोबर भाड्यानं मिळत नाही. विमा कंपन्या हे ओळखून आहेत. संकटात धावून जाणारी पथकं आहेत, पण ती स्वयंसेवकांची. नाताळानंतर फटाके विकून ती आपला बराचसा निधी उभा करतात.

आम्ही स्प्रेंगिसांडुरच्या वाटेनं दक्षिणेकडून निघालो. सुमारे दोनशे किलोमीटर, वाटेत पेट्रोल पंप नाही. खडी पन्हाळी पत्र्यासारखी झालेली, दात वाजत होते. गाडी उजवीकडून चालवायची (पूर्वी तेही आपल्यासारखे डावीकडून जात, १९६८ च्या मे महिन्यात बदलले). पण तिथं समोरून येतंच कोण! न्यीदालुरच्या प्रवासी झोपडीपुढे उत्तरेकडे गेलो आणि दुपारी चारला एका नदीनं अडवलं. दुपारी हिमनदी जास्त वितळते, त्यामुळे पाणी संध्याकाळपर्यंत चढत जातं, हे आम्ही वाचलं होतं. वाचलेलं डोळ्यांसमोर येणं वेगळं.

भाच्यानं पँट गुडघ्यावर दुमडली आणि काठी घेऊन पाण्यात उतरला. जिथं स्वतः चालून जाता येत नाही तिथं गाडी घालू नये, हा तिथला साधा नियम. चार पावलांत पाणी मांडीला लागलं. तो परत फिरला, ओठ निळे पडलेले. पाण्याच्या कडेला त्यानं एक धोंडा ठेवला आणि आम्ही मागे फिरून झोपडीत मुक्काम केला. त्याला ते कमीपणाचं वाटलं असावं, तो जेवताना फारसा बोलला नाही. मला सारखा तो अकरा वर्षांचा पोरगा आठवत होता.

सकाळी सहाला परत गेलो तर धोंडा कोरडा होता आणि पाणी चांगलं दोन हात मागे सरकलेलं. भाच्यानं पुन्हा चालून पाहिलं. पाणी गुडघ्याखाली. मग गाडी धीम्या गिअरमध्ये टाकली आणि मध्ये कुठेही न थांबता, गिअर न बदलता पलीकडे काढली. मिनिटभराचं काम.

चार दिवसांनी गाडी परत केली. माणूस आला, त्यानं नदीबद्दल अवाक्षर विचारलं नाही. आधी एकेक करून चारही दारं उघडून पाहिली.