खेळ, कष्ट आणि मोजमाप : मुलांच्या शारीरिक हालचालींच्या मोजणीचा इतिहास

प्रस्तावना

जगातील शाळेत जाणाऱ्या ११ ते १७ वयोगटातील मुलामुलींपैकी ८१ टक्के २०१६ साली पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यास १४६ देशांतील सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा आधार होता. या आकड्याची सर्वत्र चर्चा झाली. मात्र मुलांची हालचाल मोजण्याची गरज कोणाला आणि कोणत्या हेतूने भासली, हा प्रश्न मागे राहिला. प्रस्तुत लेखात या मोजणीची ऐतिहासिक वाटचाल थोडक्यात तपासून आजच्या आकड्यांचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

सैनिकाचे शरीर

१८०६ मध्ये येना येथे नेपोलियनकडून प्रशियाचा पराभव झाला. त्या पार्श्वभूमीवर फ्रीडरिख लुडविग यान याने १८११ मध्ये बर्लिनजवळील हाझेनहायडे येथे तरुणांसाठी खुले व्यायामस्थळ सुरू केले. तरुणांची शरीरे घडवून राष्ट्र उभे करावे, हा त्यामागील विचार होता. पुढे याच संघटित तरुणांची राज्यकर्त्यांना भीती वाटू लागली आणि १८२० मध्ये प्रशियात या चळवळीवर बंदी आली.

इंग्लंडमध्येही प्रारंभीची चिंता लष्करीच होती. बोअर युद्धाच्या काळात (१८९९–१९०२) सैन्यभरतीसाठी आलेले अनेक तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले. यातून नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये आपला अहवाल सादर केला. वंशाचा ऱ्हास होत असल्याचा प्रचलित समज समितीने उचलून धरला नाही. अपुरे अन्न, कोंदट घरे आणि दारिद्र्य यांकडे तिने लक्ष वेधले. १९०६ मध्ये शालेय भोजनाचा आणि १९०७ मध्ये विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. लष्करी हेतूने सुरू झालेली चौकशी अशा रीतीने मुलांच्या हिताकडे वळली.

शीतयुद्ध आणि 'मऊ' पिढी

१९५० नंतरच्या दशकात डॉ. हान्स क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंच्या किमान क्षमतेच्या सहा सोप्या चाचण्या अमेरिकी व युरोपीय मुलांना दिल्या. निम्म्याहून अधिक अमेरिकी मुले किमान एका चाचणीत अनुत्तीर्ण झाली; युरोपात हे प्रमाण दहांत एकाहून कमी होते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये युवकांच्या शारीरिक क्षमतेसाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली. डिसेंबर १९६० मध्ये नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकात लेख लिहून अमेरिकी माणूस मऊ होत चालल्याची चिंता व्यक्त केली. या चाचण्यांमध्ये मुले दिवसभर किती हालचाल करतात हे मोजलेले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मोजली गेली ती क्षमता, आणि ती प्रतिस्पर्धी राष्ट्रांच्या संदर्भात वाचली गेली.

क्षमतेकडून हालचालीकडे

दृष्टिकोनातील मूलभूत बदल लंडनच्या दुमजली बसगाड्यांतून आला. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये असे दाखवून दिले की, दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये बसून गाडी चालविणाऱ्या चालकांच्या तुलनेत हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. या संशोधनातील हालचाल म्हणजे क्रीडा नव्हे, तर रोजचे काम होते. कष्ट आणि खेळ यांना एकाच मापाने मोजण्याची पद्धत यापुढे रूढ होत गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ५ ते १७ वयोगटासाठी दररोज किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचालीची शिफारस केली. २०२० च्या सुधारित शिफारशीत ही मर्यादा आठवड्याच्या दैनिक सरासरीच्या स्वरूपात मांडली गेली आणि हालचालीच्या प्रकारांत घरकामाचाही स्पष्ट उल्लेख झाला.

भारतीय आकड्यांचा अर्थ

२०१९ च्या अभ्यासात अपुऱ्या हालचालीचे प्रमाण दक्षिण कोरियात सर्वाधिक, ९४ टक्के, आणि बांगलादेशात सर्वांत कमी, ६६ टक्के आढळले. भारतात ते सुमारे ७४ टक्के होते. हे तुलनेने बरे चित्र समाधानकारक मानावे काय? संशोधकांनी स्वतःच सुचविलेले स्पष्टीकरण येथे महत्त्वाचे आहे. भारत व बांगलादेशातील मुलांच्या बाबतीत त्यांनी गल्लोगल्ली खेळल्या जाणाऱ्या क्रिकेटकडे, तर मुलींच्या बाबतीत घरकामाच्या भाराकडे बोट दाखविले.

म्हणजेच मैदानावर धावणारा मुलगा आणि पाण्याची घागर वाहणारी त्याची बहीण मोजणीच्या दृष्टीने सारखेच 'सक्रिय' ठरतात. हृदयाच्या आरोग्याच्या दृष्टीने यात कदाचित फारसा फरक नसेल. बालपणाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. शिवाय हे सर्वेक्षण शाळेत जाणाऱ्यांपुरते मर्यादित आहे. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्याने शाळा सुटलेल्या मुलाचे श्रम त्यात कोठेच नोंदले जात नाहीत.

समारोप

अपुऱ्या हालचालीचे प्रमाण २०३० पर्यंत १५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरविले. मात्र घरात नळ आला की मुलीची खेप वाचते आणि तिची नोंदली जाणारी हालचालही कमी होते. आकड्यानुसार ही अधोगती ठरेल, प्रत्यक्षात ती प्रगती असेल. वाचलेला वेळ तिला खेळण्यासाठी मिळाला, तरच दोन्ही हेतू साधतील. १९८९ च्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमाने खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेसाठी क्रीडांगण हा निकष ठरविला आहे.

मुलांच्या शरीराची मोजणी आरंभी सैन्यासाठी, नंतर राष्ट्राच्या प्रतिष्ठेसाठी आणि पुढे रोगप्रतिबंधासाठी झाली. प्रत्येक टप्प्यावर हेतूने मोजपट्टी ठरविली. महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण, समाजशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी आपल्या परिसरात अशी पाहणी हाती घेतल्यास मिनिटांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवावा : ही हालचाल मुलाने स्वेच्छेने केली की त्याला ती करावी लागली? या नोंदीवाचून सक्रियतेचा आकडा मुलांच्या सुस्थितीचा पुरावा मानता येणार नाही.