तार छेडावी कुठे, ऐकावी कुठे : रामन यांचा एक विस्मृत निबंध

२८ फेब्रुवारी जवळ आली की राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त सी. व्ही. रामन यांचे छायाचित्र, समुद्राची निळाई आणि १९३०चे नोबेल या तीन गोष्टी सर्वत्र फिरू लागतात. त्या गर्दीत त्यांचे नादशास्त्रातले काम मागे पडते. १९२१ साली विलायतेहून परतताना ‘नारकुंडा’ जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्राचा रंग न्याहाळला, ही कथा सर्वांना पाठ आहे. त्याच सुमारास कलकत्त्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’च्या कार्यवृत्तात त्यांचा काही भारतीय तंतुवाद्यांविषयीचा, जेमतेम पाच पानांचा निबंध प्रसिद्ध झाला, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

हा निबंध समजून घ्यायचा तर आधी इलेक्ट्रिक गिटारकडे वळावे लागते. १९२१ साली ते वाद्य जन्मालाही आले नव्हते, हे खरे. परंतु रामन यांनी ज्या नियमाला तडा दिला, तो आज सर्वांत स्वच्छपणे ऐकू येतो तो याच वाद्यावर.

ताणलेली तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. ती अखंड हलते, तशीच दोन, तीन, चार, पाच समान भागांतही हलते. प्रत्येक प्रकाराचा एक उपस्वर, आणि प्रत्येक उपस्वराचे ठरावीक निस्पंद बिंदू, म्हणजे त्या कंपनात तार जिथे मुळीच हलत नाही अशा जागा. लंडनचे वैद्य आणि भौतिकशास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०० साली दाखवून दिले की, तार ज्या बिंदूवर छेडली जाते तो ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर त्या नादात उमटत नाही. जिथे तो हलतच नाही, तिथे धक्का देऊन त्याला जागे करणार कसे? १८६३मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या ग्रंथात हा नियम उचलून धरला आणि तो नादशास्त्राचा पायाच होऊन बसला.

गिटारचा पिकअप हा याच नियमाचा आरशातला चेहरा. जॉर्ज बोशँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२च्या सुमारास अमेरिकेत जी पहिली विद्युत गिटार घडवली, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे, एवढेच ते यंत्र. पोलादी तार चुंबकासमोर हलली की वेटोळ्यात विद्युतप्रवाह उमटतो. पण हा कान संपूर्ण तारेचा आवाज ऐकत नाही. आपल्यासमोरच्या बोटभर लांबीची हालचाल तेवढी टिपतो. तेव्हा जो उपस्वर नेमका तिथे निस्पंद असेल, तो तारेत असूनही स्पीकरपर्यंत पोहोचत नाही.

लिओ फेंडर यांची १९५४ची स्ट्रॅटोकास्टर घ्या. तिच्या तारेची कंप पावणारी लांबी सुमारे ६४८ मिलिमीटर. तिच्यावर तीन पिकअप आहेत. घोडीजवळचा पिकअप घोडीपासून सुमारे ४ सेंटिमीटरवर. तिथे मूळ स्वराची हालचाल फार लहान असते, त्यामुळे वरच्या उपस्वरांचा वाटा तुलनेने वाढतो आणि आवाज धारदार, चमकता येतो. हा पिकअप तिरका बसवलेला असतो; जाड तारांकडचे टोक घोडीपासून जरा दूर, बारीक तारांकडचे जवळ. मानेकडचा पिकअप घोडीपासून सुमारे १६२ मिलिमीटरवर, म्हणजे मोकळ्या तारेच्या बरोबर एक-चतुर्थांशावर. तिथे मूळ स्वर भरदार मिळतो, पण चौथा उपस्वर हरवतो, आणि त्याच्याबरोबर आठवा व बारावाही. पाचव्या पडद्यावर हलका स्पर्श करून जो घंटेसारखा स्वर काढतात तो चौथाच उपस्वर असल्याने, या पिकअपवर तो अतिशय क्षीण होतो.

या एक-चतुर्थांशात काही जादू आहे, असे मानणारे वादक पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. बोट पहिल्या पडद्यावर ठेवताच तारेची लांबी बदलते, निस्पंद बिंदू सरकतात, पिकअप मात्र जागचा हलत नाही. जादू तिथेच संपते. बाराव्या पडद्यावर तर तोच पिकअप उरलेल्या तारेच्या ऐन मध्यावर येतो, सगळे समसंख्य उपस्वर गळतात आणि आवाज बासरीसारखा पोकळ होतो. स्वतः फेंडर मुळात रेडिओदुरुस्ती करणारे, त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. या जागा सूत्रावरून नव्हे, वादकांच्या कानांवरून ठरत गेल्या. मूळची कळ तीनच जागांची होती. वादक ती मध्येच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवू लागले, आणि १९७७मध्ये कंपनीने पाच जागांची कळच देऊ केली.

आता कलकत्त्यास. रामन १९०७ साली वित्त खात्यातले अधिकारी म्हणून तिथे आले आणि कचेरीच्या आधी व नंतर २१०, बहूबाजार स्ट्रीटवरच्या असोसिएशनच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. वडील व्हायोलिनचे शौकीन, पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवणाऱ्या. १९१७मध्ये सरकारी नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. १९१८मध्ये गजाने वाजणाऱ्या तारांवरचे त्यांचे विस्तृत पुस्तक निघाले. पुढे गज एकसारखा फिरावा म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारे यंत्रच उभे केले. तारेच्या कंपनाविषयी त्या काळी त्यांच्याइतके अधिकाराने बोलू शकणारे जगात थोडे होते. म्हणूनच तंबोऱ्याने त्यांना कोड्यात टाकले, याला महत्त्व आहे.

तंबोऱ्याची तार मध्याच्या आसपास छेडतात. यंगच्या नियमानुसार समसंख्य उपस्वर तिथे दबले पाहिजेत आणि नाद रिता वाटला पाहिजे. प्रत्यक्षात तंबोऱ्याइतका उपस्वरांनी ओथंबलेला नाद क्वचितच ऐकायला मिळतो. हा कानाचा भास तर नव्हे? रामन यांची कसोटी अत्यंत साधी होती. तार ज्या उपस्वराच्या निस्पंद बिंदूवर छेडायची, लगेच त्याच बिंदूवर बोट टेकवायचे. तिथे हलणारे सारे उपस्वर बोटाखाली विझतात. उरेल तर तोच, जो नियमानुसार जन्मलाच नव्हता. तंबोऱ्यावर आणि वीणेवर तो उरला, आणि चांगला खणखणीत वाजला.

त्याचे कारण घोडीत आहे. गिटारची तार घोडीच्या धारदार कडेवर संपते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित वक्र. तार आणि तिच्यामध्ये जवारीचा दोरा. वीणेवर दोरा नसतो, पण घोडीवरचा धातूचा पत्रा तसाच वक्र असतो. तार कंप पावताना या पृष्ठभागाला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. प्रत्येक आवर्तनातल्या या स्पर्शाने खालच्या उपस्वरांची ऊर्जा वरच्यांकडे जाते. यंगने गृहीत धरले होते की प्रत्येक उपस्वर स्वतंत्र असतो आणि त्याचे भाग्य छेडण्याच्या क्षणीच ठरते. जवारी ते गृहीतकच मोडते. छेडताना न जन्मलेला उपस्वर नंतर घोडीवर जन्मतो.

नियमाचा ऐकण्याकडचा अर्धा भाग मात्र अबाधित राहतो. तंबोऱ्याच्या पोलादी तारेखाली पिकअप बसवला, तर निस्पंद बिंदूवर तो बहिराच राहील. (पितळी खर्जापुढे तर तो सर्वत्रच बहिरा, पितळेला चुंबकाशी देणेघेणे नाही.) तंबोऱ्याचा नाद घोडीवाटे तबलीत आणि भोपळ्यात उतरतो, तारेच्या टोकाशी. तिथे प्रत्येक उपस्वराचा जोर पोहोचतो.

रामन यांच्या त्या पाच पानांत या घटनेचे पूर्ण गणित नाही. वक्र घोडीवरच्या तारेचे सैद्धांतिक विवेचन १९८२मध्ये सतारीच्या निमित्ताने अमेरिकेत झाले, आणि २०१५मध्ये आयआयटी कानपूरच्या संशोधकांनी सतार व वीणेच्या संदर्भात अडथळ्याला टेकणाऱ्या तारेचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. दरम्यान मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या कानस आणि कान यांच्या भरवशावर जवारी काढली. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ‘आमच्या पूर्वजांना हे सगळे गणित ठाऊकच होते’ असे म्हणणे मात्र या कारागिरीवर अन्याय करणारे आहे. त्यांना वक्रता ठाऊक होती, बोटांना.

घरी तंबोरा असेल तर रामन यांची कसोटी अवश्य करून पाहा. खर्जाची तार घोडीपासून पाचव्या हिश्शावर छेडा आणि लगेच तिथेच बोट अलगद टेकवा. पाचवा उपस्वर म्हणजे आपल्या गवयांचा स्वयंभू गांधार. मग दोरा जरा सरकवून जवारी बिघडवा आणि पुन्हा छेडून पाहा. शेजारी कुणाकडे गिटार असेल तर हाच प्रयोग तिच्यावरही करा.