शिरूर–दौंड : अंतर व प्रवासवेळ

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्याच्या गावांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ४६ किमी. असून दौंड शिरूरच्या आग्नेयेस आहे. दोन्ही तालुके लगतचे. बऱ्याच लांबीत भीमा नदी हीच त्यांची हद्द. त्यामुळे येथील प्रवासाचा हिशेब पुलांवर ठरतो.

रस्त्याने जाण्याचे मुख्य मार्ग दोन. न्हावरे, पारगाव, केडगाव, चौफुला हा रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो, पुणे–सोलापूर महामार्गाला मिळतो आणि पाटसवरून दौंडला पोचतो. मुळा-मुठा व भीमा यांचा संगम या पुलाच्या वरच्या अंगाला, वाळकी व रांजणगाव सांडस यांच्यादरम्यान असल्याने वाटेत मोठी नदी एकच लागते. मात्र पश्चिमेकडून वळसा पडून अंतर ७५ किमी.च्या आसपास जाते. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीवरून जाणारा मार्ग सुमारे ६० किमी.चा आहे. त्यावर आधी घोड आणि मग दौंडच्या वेशीवर भीमा, अशा दोन नद्या पार कराव्या लागतात. मोटारीने दीड ते दोन तास धरावेत. उसाचा हंगाम सुरू झाला, की एकामागे एक जोडलेल्या भरगच्च ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढे असतात आणि अरुंद रस्त्यावर हा अंदाज कोलमडतो.

या दोन गावांत विमानसेवा नाही; जवळचे मोठे विमानतळ पुण्याचे लोहगाव.  

शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीला, लोहमार्गही नाही. पुणे–शिरूर रस्ता सुमारे ६७ किमी. आणि पुणे–दौंड लोहमार्ग सुमारे ७६ किमी. रेल्वेनेच दौंड गाठायचे, तर पुण्याला वळसा घालून सरळ अंतराच्या तिप्पट प्रवास होतो. शेजारच्या दोन तालुक्यांना पुणे मध्ये घ्यावे लागावे, ही या भागाच्या दळणवळणातील खरी उणीव आहे. दोन्ही गावे पुण्याशी उत्तम जोडली गेली, एकमेकांशी नाही.

शिरूरवरून जाणाऱ्या पुणे–नगर रस्त्यावरील जुन्या प्रवासवेळेची एक नोंद इतिहासात आहे. ३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास कोरेगाव भीमाच्या परिसरात पोचली. हेच अंतर आज रस्ता मोकळा असल्यास मोटारीने तासाभराचे आहे.

दौंडचे महत्त्व रेल्वेने वाढवले. १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि गाव जंक्शन बनले. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन येथे काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे व गाडी खोळंबे. दौंड कॉर्ड लाइनमुळे काही गाड्या आता मुख्य स्थानकात न शिरता थेट नगरच्या दिशेला वळतात.