चमचाभर तेलाचें ऋण

लहानपणीं कॉड माशाच्या यकृताचें तेल नाक दाबून प्यालेले पुष्कळ जण आज हें भाषण ऐकत असतील. या तेलाचा गुण शास्त्राला पटला, त्यांत सिंहाच्या छाव्यांचा आणि कुत्र्याच्या पिल्लांचा वांटा फार मोठा आहे. ती हकीकत आज सांगतों.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सिंहाचे छावे जगत नसत. त्यांना घोड्याचें चरबीविरहित मांस मिळे. त्यांचीं हाडें वांकत आणि छावे दगावत. जॉन ब्लँड-सटन या शस्त्रवैद्यानें हा मुडदूस आहे असें ओळखलें, व कुटलेलीं हाडें, दूध आणि कॉडचें तेल देण्यास सांगितलें. छावे सुधारले. ही हकीकत १८८९ सालची.

गुण आला, पण कारण उमगलें नाहीं. ब्रिटनच्या कारखानदारी शहरांत पाय वांकलेलीं मुलें गल्लोगल्लीं दिसत. कोणी कोंदट हवेस दोष देई, कोणी व्यायामाच्या अभावास. तेव्हां एडवर्ड मेलनबी यानें कुत्र्याचीं पिल्लें बंदिस्त ठेवून निरनिराळ्या आहारांवर वाढविलीं, व १९१९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. लापशी किंवा पाव हेंच मुख्य अन्न असलें, तर जवसाचें तेल घालूनहि मुडदूस होई. कॉडचें तेल दिलें तर तो टळे. म्हणजे सर्व स्निग्ध पदार्थ सारखे नव्हेत! मेलनबीस वाटलें, हा प्रभाव ‘अ’ जीवनसत्त्वाचा असावा. परंतु १९२२ सालीं अमेरिकेंत मॅकॉलमनें तेल तापवून त्यांतून प्राणवायु सोडला. ‘अ’ नष्ट झालें, तरी मुडदूस बरा करण्याचा गुण उरलाच. त्या नव्या सत्त्वास ‘ड’ हें नांव मिळालें.

यांत एक योगायोग आहे. आपल्या कातडीवर ऊन पडलें म्हणजे ‘ड’ आपोआप तयार होतें. कुत्र्यामांजरांच्या कातडींत ही क्रिया पुरेशी होत नाहीं, हें १९९४ सालीं डच संशोधकांनीं दाखविलें. त्यांना तें अन्नांतूनच मिळावें लागतें. मेलनबीनें नकळत नेमका प्राणी निवडला होता.

मांजराची प्रकृति तर आणखी निराळी. गाजरांतील रंगद्रव्यापासून आपलें शरीर ‘अ’ जीवनसत्त्व करतें. मांजराचें तें करूं शकत नाहीं. वनस्पतितेलापासून अरॅकिडॉनिक आम्ल बनविण्याची त्याची शक्तीहि तोकडी, असें १९७५ सालीं आढळलें. तें प्राणिज चरबींतूनच मिळावें लागतें. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांत सिद्ध झालें कीं, मांसांतील टॉरिन या द्रव्याच्या उणिवेनें मांजराचें हृदय दुर्बळ होतें व तें पुरविल्यास सुधारतें. हीं मांजरें कांहीं उपाशी नव्हतीं. तयार विकत मिळणारें अन्न खात होतीं.

मात्र ‘थोडें गुणकारी, तर पुष्कळ अधिक गुणकारी’ हा हिशेब येथें चालत नाहीं. ‘अ’ आणि ‘ड’ चरबींत विरघळतात व शरीरांत सांचून राहतात. नित्य यकृतच खाणाऱ्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांस जुळून मान ताठ होते.

आमच्या शाकाहारी घरीं एक मांजर होती. तिला दूधभात मिळे. ती उंदीर धरून आणी, आणि मी तिजवर रागावें. आज कळतें, आमच्या दूधभाताची उणीव ती आपली आपणच भरून काढीत होती. आतां आपण हे प्राणी वरच्या मजल्यांवर दारें लावून पाळतों. तेथें उंदीर नाहीं, निवड नाहीं. आपण घालूं तेंच त्यांचें नशीब. ज्या पिल्लांच्या वांकलेल्या पायांनीं आपल्या मुलांचे पाय सरळ केले, त्यांच्या ताटलींत आपल्या आवडीचें नव्हे, तर त्यांच्या जातीस मानवेल तें घालावें. आणि तेलाचा चमचा उचलण्यापूर्वीं पशुवैद्यास विचारावें. एवढें ऋण तरी आपण फेडलें पाहिजे.